तारामतीची कमाई

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा त्यांना तारामती मिळाली नाही. पुष्कळ शोधाशोध केली, पण कॅमेऱ्यापुढे उभी राहायला एकही बाई राजी होईना. शेवटी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवून त्यांनी वेळ निभावून नेली. एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनं तीच कथा बोलपटात आणली. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. पुढे १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार याच तारामतीला मिळाला.

हा योग असा जुळून आला आहे की दुर्गाबाईंविषयी लिहिणारा कुणीही तो सांगितल्याशिवाय राहत नाही. त्याच्या पाठोपाठ एक वाक्यही ठरलेलं असतं: घरंदाज, शिकलेली बाई सिनेमात आली आणि सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली. १९८२ साली प्रसिद्ध झालेलं ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र जे आज पहिल्यांदा हातात घेतील, त्यांनी हे वाक्य आधी बाजूला ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या वाक्यानं दुहेरी अन्याय होतो. एक दुर्गाबाईंच्या आधी आलेल्या बायकांवर, आणि दुसरा स्वतः दुर्गाबाईंवर.

आधी आलेल्यांचं पाहू. ज्या वर्षी फाळक्यांना तारामती मिळाली नाही, त्याच १९१३ मध्ये त्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमळाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या मायलेकी पडद्यावर आल्या. मूकपटांच्या काळात रूबी मायर्स यांनी ‘सुलोचना’ या नावानं मुंबईला वेड लावलं. फातमा बेगम यांनी तर १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ स्वतः दिग्दर्शित केला. या सगळ्या जणी कष्ट करून पोट भरत होत्या, घर चालवत होत्या. त्यांच्या हातून सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली नाही आणि सॉलिसिटरची मुलगी आल्यावर मिळाली, असं म्हणताना आपण नक्की कशाला प्रतिष्ठा म्हणतो आहोत, हे एकदा थांबून पाहायला हवं. कामाला, की माहेरच्या पाटीला?

आणि दुर्गाबाईंवरचा अन्याय असा, की त्या वाक्यात त्यांचं काम कुठेच नाही. त्यात त्यांचं घराणं आहे, शिक्षण आहे, सोज्वळपणा आहे. सकाळी उठून स्टुडिओत जाणारी, चेहऱ्याला रंग लावून दिवसभर दिव्यांच्या धगीत उभी राहणारी आणि महिनाअखेर हातात आलेल्या रकमेतून मुलांची फी भरणारी बाई त्या वाक्यात दिसत नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेर लाडांचं. घराणं मूळचं गोव्याकडचं, घरात कोकणी बोलणारं, मुंबईत कांदेवाडीत नांदणारं मोठं एकत्र कुटुंब. वडील पांडुरंग शामराव लाड सॉलिसिटर. मुलगी कॅथीड्रल शाळेत गेली, नंतर सेंट झेवियर्स कॉलेजात. त्या काळात गिरगावातल्या फार थोड्या मुलींच्या वाट्याला हे आलं. कॉलेज पुरं होण्याआधीच लग्न ठरलं. सासरचे खोटेही श्रीमंत, नवरा इंजिनिअर. पदरी दोन मुलगे. इथवर सगळं एखाद्या सुखवस्तू घरच्या मुलीचं जसं व्हावं तसंच झालं.

मग सासरची सांपत्तिक घडी कोसळली. सव्विशीच्या उंबरठ्यावर दुर्गाबाईंना पहिल्यांदा पैशाचा विचार करावा लागला, आणि तो दुसऱ्या कुणाच्या भरवशावर करायचा नाही असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या सगळ्या चरित्रात मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. माहेर भक्कम होतं. वडिलांच्या घरी परत जाऊन दोन मुलांसह मानानं राहता आलं असतं, कुणी नावं ठेवली नसती. नावं ठेवली गेली ती त्यांनी कमवायला सुरुवात केल्यावर.

सुरुवातही धड झाली नाही. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटासाठी विचारणा खरं तर त्यांची बहीण शालिनी यांच्याकडे झाली होती. त्यांनी नकार दिला आणि दुर्गाबाईंचं नाव सुचवलं. काम काही मिनिटांचं. पण चित्रपटाची जाहिरात करताना अमक्यांची मुलगी आणि तमक्यांची सून म्हणून त्यांचा गाजावाजा केला गेला. चित्रपट सुमार निघाला, टीका सपाटून झाली, आणि तिचा सगळा रोख त्यांच्यावर आला. ज्या दोन घराण्यांच्या नावावर तिकिटं खपवली गेली, त्या दोन्ही घरांत चेहरे उतरले. बाईनं काम केलं काही मिनिटांचं, पण अब्रू पणाला लागली दोन कुटुंबांची. पुरुष नटाच्या पहिल्या फसलेल्या चित्रपटाचा असा हिशेब कुणी मांडल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर ‘प्रभात’चं बोलावणं आलं आणि त्यांनी ते स्वीकारलं, म्हणून आज आपण हे सगळं बोलतो आहोत. एकदा हात पोळल्यावर पुन्हा त्याच कामाला जाणं सोपं नव्हतं. पण कोल्हापूरला जे वातावरण होतं ते वेगळं होतं. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच भागीदारांची ती कंपनी म्हणजे शिस्तीचा कारखानाच होता. प्रत्येकाला नेमलेलं काम, नेमलेली वेळ, आणि नटीसुद्धा त्या कारखान्यातली एक कामकरी.

बोलपटाचं तंत्र तेव्हा अगदी नवं होतं. पार्श्वगायन रुजायला अजून काही वर्षं होती, त्यामुळे गाणं नटीनं स्वतः, कॅमेऱ्यासमोर, अभिनय करता करता म्हणायचं. वादक चौकटीबाहेर, कुठेतरी आडोशाला बसायचे. चुकलं की सगळं पहिल्यापासून. त्यातून ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला, म्हणजे तोच प्रसंग दोनदा उभा करायचा, तेच रडणं दोनदा रडायचं, शब्द मात्र निराळे. संगीत गोविंदराव टेंबे यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. शास्त्रोक्त गाण्यातल्या अशा मातब्बर माणसासमोर, पाठीशी रंगभूमीचा अनुभव नसताना, उभं राहून गायचं होतं. दुर्गाबाई उभ्या राहिल्या.

तारामतीच्या गोष्टीतही विचार करायला लावणारं पुष्कळ आहे. शब्द दिला राजानं, राज्य दान केलं राजानं, आणि उरलेली दक्षिणा भागवायला काशीच्या बाजारात उभी केली ती राणी आणि तिचं पोर. शतकानुशतकं आपण या कथेत हरिश्चंद्राचं सत्त्व पाहत आलो. तारामती विकली गेली, तिला दासी म्हणून राबावं लागलं, आणि त्या राबण्याचं मोल तिच्या हाती कधीच पडलं नाही. ही भूमिका करणारी बाई मात्र घरच्या पडत्या काळात स्वतःहून बाजारात उतरली होती. तिच्या श्रमाचं मोल तिच्याच हातात पडत होतं, आणि ते कुठे खर्चायचं हेही तीच ठरवत होती. पडद्यावरची तारामती आणि पडद्यामागची तारामती यांच्यातलं हे अंतर ज्याला जाणवेल, त्याला दुर्गाबाईंच्या स्त्रीत्वाविषयीच्या विचारांची किल्ली सापडेल, असं मला वाटतं.

‘अयोध्येचा राजा’च्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला आणि प्रेक्षकांनी दुर्गाबाईंचं अगदी वेगळं रूप पाहिलं. जिथे पुरुषांना थारा नाही अशा स्त्रीराज्याची ती राणी, आणि तिच्या पायाशी पाळीव चित्ता. त्या चित्रपटाची छायाचित्रं आजही पाहताना नजर चित्त्यापेक्षा त्यांच्या मानेवर जाते. सरळ, किंचित मागे झुकलेली, कुणाला दाखवण्यासाठी ताठ न केलेली मान. त्यांच्या डौलाबद्दल बोलताना लोक दागिने आणि साड्या आठवतात. ते सगळं होतंच, आणि त्यांची आवडनिवड उत्तम होती. पण त्यांच्या डौलाचा पाया शरीराच्या ठेवणीत आणि आवाजात होता. शब्दाचं शेवटचं अक्षरही न खाणारं मराठी, वाक्य संपल्यावर घेतलेला छोटासा विराम, समोरच्याकडे थेट पाहण्याची सवय. तारामती चिंध्यांत उभी असतानाही राणी वाटते ती या तीन गोष्टींमुळे. वेशभूषा काढून घेतली तरी टिकते ती शैली, आणि दुर्गाबाईंची शैली त्या जातीची होती.

‘अमर ज्योती’ (१९३६) बद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो चित्रपट आज फारसा पाहिला जात नाही. कथेतली सौदामिनी आपल्या मुलाचा ताबा मागते आणि राज्याचा कायदा तिला सांगतो की बाईला असा हक्क नाही. ती समुद्रावर जाते, चाच्यांची टोळी उभारते आणि त्या राज्याविरुद्ध लढाई पुकारते. ज्या न्यायमंत्र्यानं तिच्या विरोधात निकाल दिला, त्याला पकडून ती त्याचा पाय तोडते. चंद्रमोहन यांनी तो मंत्री केला होता, आणि शांता आपटेही या चित्रपटात होत्या. व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला. चाच्यांच्या राणीची ही गोष्ट परीकथेच्या वळणाची आहे खरी, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न तेव्हा घराघरांत होता. मुलावर पहिला हक्क कुणाचा? १९५६ च्या कायद्यानंसुद्धा हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, अशीच ओळ लावली. त्या ओळीचा अर्थ आईच्या बाजूनं जरा सैल करायला सर्वोच्च न्यायालयाला १९९९ साल उजाडावं लागलं. सौदामिनी दरबारात उभी राहून जो जाब विचारते, तो विचारणाऱ्या नटीच्या घरी दोन मुलगे तिच्या कमाईवर वाढत होते. मला तो प्रसंग पाहताना अभिनय कुठे संपतो ते कळत नाही.

‘प्रभात’शी त्यांचं नातं जिव्हाळ्याचं होतं, तरी त्या एकाच कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. त्या काळात नटनट्या महिना पगारावर, करारानं बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी मात्र जिथे चांगली भूमिका तिथे जायचं असं धोरण ठेवलं. कलकत्त्याला न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) मध्ये त्यांनी काम केलं, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’ (१९३४) मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर उभ्या राहिल्या, दोन्हीचे दिग्दर्शक देवकी बोस. पुढे निर्मितीतही उतरल्या. आज कलावंतानं चार ठिकाणी काम करणं ही रोजची गोष्ट आहे. तेव्हा एकट्या बाईनं, दोन मुलं मागे ठेवून, कोल्हापूर, पुणे, कलकत्ता, मुंबई अशी कामं घेत फिरणं, आपल्या अटी आपण ठरवणं आणि त्या अटींवर ठाम राहणं, यासाठी अंगी वेगळंच बळ लागत होतं.

हे बळ प्रत्येकीला परवडत नव्हतं, आणि ते लक्षात ठेवूनच दुर्गाबाईंचं आत्मचरित्र वाचावं. शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या वादातून, तोवर पुण्याला आलेल्या ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषण केलं, आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातल्या बायकांच्या परिस्थितीवर बोट ठेवलं. हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली आलं. त्या आत्मकथेतली बाईही कमावते, लहानपणापासून कमावते, पण कमाई तिच्या हातात राहत नाही आणि आयुष्यही राहत नाही. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ तिच्यावरूनच निघाला. दुर्गाबाईंना जे जमलं त्यात त्यांच्या धैर्याचा वाटा मोठा आहे, आणि इंग्रजी शिक्षणाचा, करार वाचता येण्याचा, मागे उभ्या असलेल्या माहेराचाही आहे. पुस्तकातल्या दुर्गाबाई आपल्या पडत्या काळाबद्दल आडपडदा न ठेवता बोलतात. पण या तीन पुस्तकांतलं एकच वाचलं तर चित्र अपुरं राहील. तिन्ही एकमेकांच्या शेजारी ठेवावीत.

वयाची गोष्टही त्यांनी वेगळ्याच पद्धतीनं हाताळली. १९४१ साली आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये त्यांनी सुनेला छळणारी सासू केली. तेव्हा त्यांचं वय होतं छत्तीस. नायिकेच्या भूमिका अजून मिळाल्या असत्या. पण ती सासू त्यांनी अशी वठवली की सून झालेल्या वनमालांइतकीच प्रेक्षकांच्या मनात राहिली. लगेच पुढच्या वर्षी ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. सोशिक तारामतीपासून हट्टी कैकेयीपर्यंतचा हा प्रवास दहा वर्षांत झाला. पडद्यावरच्या बाईनं प्रेक्षकांची लाडकी असलंच पाहिजे ही अट त्यांनी मोडली. नावडती, कठोर, चुकणारी बाई रंगवायला त्यांनी हात आखडता घेतला नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच त्या पुढची चाळीस वर्षं पडद्यावर टिकल्या.

रंगभूमीवरही तेच. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर त्यांनी ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई केली, आणि शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्ये लेडी मॅकबेथच्या जागची राणी. कैकेयी, आनंदीबाई, लेडी मॅकबेथ: सत्तेची आस धरणाऱ्या या तीन बायकांना आपण सहसा खलनायिकांच्या रांगेत उभं करतो. दुर्गाबाईंना त्यांच्यात बुद्धी दिसली, स्वतःच्या डोक्यानं चालणारी बाई दिसली.

‘मुघल-ए-आझम’मधली (१९६०) जोधाबाई हिंदी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. बाप आणि मुलगा यांच्या हट्टाच्या मध्ये सापडलेली आई हिंदी सिनेमात असंख्य वेळा येऊन गेली आहे. बहुतेकींचं काम पदर डोळ्यांना लावण्यापुरतं असतं. या जोधाबाईला मात्र दोघांचंही म्हणणं कळतं, आणि कळूनही काही करता येत नाही. दुर्गाबाई तो गुंता चेहऱ्यावर फारसं काही न हलवता दाखवतात. ‘बॉबी’तली (१९७३) मिसेस ब्रगांझा जोधाबाईच्या दुसऱ्या टोकाची, खळाळून हसणारी, नातीवर जीव टाकणारी गोवेकर ख्रिस्ती आजी. त्यानंतर ‘बिदाई’साठी (१९७४) फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या.

घरात मात्र आयुष्यानं त्यांना सोडलं नाही. त्यांच्या एका मुलाचं लग्न विजया जयवंत यांच्याशी झालं. त्याच पुढच्या विजया मेहता, मराठी रंगभूमीवरच्या थोर दिग्दर्शिका. तो मुलगा ऐन तारुण्यात गेला, आणि सुनेच्याही पदरी दोन लहान मुलगे राहिले. एकाच घरात दोन पिढ्यांतल्या दोन बायकांवर दोन मुलगे आपल्या बळावर वाढवायची वेळ यावी, आणि दोघींनीही कामातच पाय रोवून उभं राहावं, हे वाचताना गलबलून येतं. दुःखाचा देखावा करणं दोघींच्याही स्वभावात नव्हतं. विजयाबाईंचं ‘झिम्मा’ हे आठवणींचं पुस्तक ज्यांनी वाचलं आहे, त्यांना ‘मी, दुर्गा खोटे’ वाचताना एकाच वास्तूत दोन दारांनी शिरल्यासारखं वाटेल.

एक भाग मात्र दुर्गाबाईंविषयीच्या लेखांत नेहमी एका ओळीत उरकला जातो. १९५२ साली त्यांनी ‘फॅक्ट फिल्म्स’ ही संस्था काढली. माहितीपट, लघुपट, शैक्षणिक चित्रपट, पुढे जाहिरातपट असं तिचं काम. नंतर ती ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ झाली. कॅमेऱ्यापुढच्या बाईनं कॅमेऱ्यामागचा धंदा उभा केला. खर्चाचे अंदाज, बिलं, तंत्रज्ञांचे पगार, ठरल्या तारखेला काम हातावेगळं करणं, सगळं सांभाळलं. याच संस्थेनं १९८८ साली दूरदर्शनसाठी ‘वागळे की दुनिया’ काढली. आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, आणि पडद्यावर एका साध्या कारकुनाचं साधं घर. महिनाअखेरीस पैसे पुरवताना होणारी ओढाताण हा त्या घराचा कायमचा विषय. ती मालिका लागायची तेव्हा मराठी घरांतली किती माणसं श्रेयनामावली वाचत असतील? वागळ्यांच्या घरखर्चाची ती गोष्ट ज्या संस्थेतून आली, तिच्यावर नाव होतं त्र्याऐंशी वर्षांच्या दुर्गाबाईंचं. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या. शांता गोखले यांनी त्यांचं आत्मचरित्र पुढे इंग्रजीत नेलं, त्यामुळे मराठी न येणाऱ्यांनाही ते वाचता येतं. मराठी वाचकानं मात्र ते मूळ मराठीतच वाचावं, आणि वाचताना जिथे जिथे पैशाचा उल्लेख येईल तिथे थांबावं. किती मिळाले, कशासाठी लागले, कुणाकडे मागितले नाहीत. आत्मचरित्रातल्या रेशमी साड्यांइतकंच लक्ष त्या आकड्यांकडेही द्यावं.